तिसरा अंक

४ ऑक्टोबर
पोहोचले. ट्रंक ओढून तळहात सोलवटलेत, पण खोली पाहिली आणि सगळा शीण गेला. दुसरा मजला, एक खिडकी, खिडकीखाली टेबल. जन्मात पहिल्यांदा माझ्या एकटीचं टेबल! घरी मी बाबांच्या शिलाई मशीनच्या फळीवर अभ्यास केला. तातडीचे कपडे आले की वह्या गुंडाळून जमिनीवर बसायचं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, तीही संख्याशास्त्राची. हे बाबा गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकून मगच सांगतात, म्हणजे त्याला पळता येत नाही.

घरमालकिणीला सगळे अक्का म्हणतात. मी जिथे उद्या रुजू होणार त्याच कारखान्यात ती चार नंबरच्या ग्राइंडरवर असते. एकटीच राहते. वय विचारलं तर म्हणाली पन्नास. कधी पूर्ण झाली म्हटलं, तर म्हणे पन्नास म्हणजे पन्नास. तिला अर्धंमुर्धं काही चालत नाही. अर्धा कप चहा मागितला, तिनं काठोकाठ भरला. आठाला बारा मिनिटं कमी असताना म्हणाली आठ वाजले. मला हसू आवरेना.

बाबांनी नोकरीसाठी निळा कोट शिवून दिलाय. आत या वहीच्या मापाचा खिसा. कॉलरच्या आत नेहमीसारखं पक्क्या शाईनं बाहीचं माप लिहिलंय: २२॥. साडेबावीस. आकड्यापुढच्या दोन उभ्या दांड्या म्हणजे अर्धा, हे मी बाराखडीच्या आधी शिकले.

५ ऑक्टोबर
कारखान्यात पोलादी कडी होतात, बांगडीपेक्षा लहान, आरशासारखी गुळगुळीत. ती लिफ्टच्या चाकांत बसतात. म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस आठव्या मजल्यावर जाताना माझ्या मापावर विसंबणार. हे मनात आलं आणि पाठ आपोआप ताठ झाली.

माझी जागा चार नंबरच्या शेजारी, काचेच्या केबिनमध्ये. दगड कडं घासतो, दुधाळ पाणी उडतं, आणि कडं घरंगळत गेजखाली येतं. गेज त्याचा व्यास मोजून पडद्यावर दाखवतं आणि साठवूनही ठेवतं. हवा असतो पंचवीस मिलिमीटर. मी तासाला पाच कडी निवडायची, सरासरी काढायची, तक्त्यावर एक ठिपका द्यायचा. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक. ठिपके मर्यादांच्या आत वाटेल तसे भटकत असले की मशीन निरोगी. ते शिस्तीत चालू लागले की समजायचं, काहीतरी बिघडलंय. कॉलेजातले सर म्हणायचे, या धंद्यात शिस्तीला घाबरायला शिका.

फोरमनला पाठीमागे सगळे ‘चालतंय’ म्हणतात, कारण काहीही दाखवलं तरी तो तेवढंच म्हणतो.

एक गंमत. गेजच्या पडद्यावर तीन दशांश दिसतात, पण शेवटच्या अंकावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. म्हणून इथे सगळे दोनच अंक लिहितात. रजिस्टरच्या जुन्या पानांवर सगळीकडे २५.००, २५.००, २५.००. हा काय प्रकार म्हणून फोरमनला विचारलं. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० ऑक्टोबर
पाच दिवस दम धरला. आज बरोबर दहा वाजता नखानं ती पट्टी काढली. खाली काच अगदी नवी होती.

आणि काय आनंद झाला! २५.००४, २५.००१, २५.००६, २५.००३. जिवंत आकडे. इतकी वर्षं हे सगळं २५.०० म्हणून गाडलं जात होतं. फोरमनला समजावून सांगितलं की तिसरा अंक झाकला तर दगड झिजत चाललाय हे वेळेवर कळणारच नाही. त्यानं पट्टीच्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच ‘चालतंय’ न म्हणता निघून गेला.

अक्काला रात्री सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला आणि पुन्हा लाव, एवढंच म्हणाली. कारण विचारलं तर म्हणे, हात दाखवून अवलक्षण कशाला. मी तिला सरांनी शिकवलेलं सांगितलं: दोन वाटा एकाच जागी सुरू होतात, फरक फक्त तिसऱ्या दशांशाचा. आधी त्या जुळ्या बहिणींसारख्या चालतात, आणि काही काळानं एकीचा दुसरीशी काही संबंध उरत नाही. म्हणून तो अंक टाकायचा नसतो. अक्का म्हणाली, तुला माहीत आहे आणि तरी काढलीस?

२२ ऑक्टोबर
तक्ता सुंदर दिसतोय. ठिपके रस्त्यावरच्या पोरांसारखे मोकाट. दगड झिजल्याचं मी दोन दिवस आधी ओळखलं, तो बदलला. फोरमननं माझ्या टेबलावर एक चांगली पेन्सिल ठेवली.

आईशी फोनवर जरा वाजलं. ती म्हणते नोकरी लागली, आता लग्नाचं बघू दे. मी म्हटलं दोन वर्षं विषय नको. बाबा मागून ओरडले की पोरीला शिवणीत जागा ठेव जरा, माणूस श्वास घेतो.

५ नोव्हेंबर
आज दहा वाजल्यापासून ठिपके शिस्तीत आहेत.

२५.००४, २५.००७, २५.००४, २५.००७. एक चार, एक सात, एक चार, एक सात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठवलेली सगळी मापं उतरवून काढली, एकही चूक नाही. एकच मशीन, एकच दगड, एकच अक्का. पण आकडे असे, जणू दोन मशीनं आळीपाळीनं कडी टाकताहेत. गेज पुसलं, बदलून पाहिलं. तेच. मर्यादेबाहेर काही नाही, म्हणून फोरमन म्हणाला चालतंय. या वेळी त्याचा आवाज बारीक होता.

संध्याकाळी हजेरीच्या कारकुनानं हाक मारली. माझं कार्ड जेवणाच्या सुट्टीनंतर दोनदा लागलंय. एक बावन्न आणि एक त्रेपन्न. तो म्हणाला, ताई, पगार एकच मिळणार. दोघंही हसलो.

७ नोव्हेंबर
चार, सात, चार, सात.

आईला फोन केला तर म्हणाली, अगं दुपारीच तर बोललीस. मी दुपारी गेजसमोर होते. आई खूश होती. म्हणाली किती गोड बोललीस आज, लग्नाचं काढलं तर लगेच बरं म्हणालीस. मी म्हटलं, आई, मी नाही म्हणाले. तिचा सूर पडला. असं काय करतेस, दुपारी शहाणी होतीस, म्हणाली.

बाबा शिवताना कापड वाया गेलं की म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. दिवसभर तेच डोक्यात आहे. का ते कळत नाही.

९ नोव्हेंबर
रजिस्टरमध्ये कालच्या पानावर माझ्या अक्षरात नोंदी आहेत. काल रविवार होता. मी खोलीत कपडे धुतले. सगळ्या नोंदी दोन अंकी: २५.००, २५.००. माझा ‘५’ खाली हुकासारखा वळतो, तसाच. खाली माझीच सही.

घरी आले तर अक्कानं दारातच विचारलं, पुन्हा जेवणार? टेबलावर माझं ताट होतं. खरकटं. अंघोळ केल्यावर माझ्या हाताला साबणाचा वास येतो; त्या ताटाजवळच्या ओल्या टॉवेललाही तोच वास होता.

आज झोपताना दाराला खुर्ची लावलीय. वेडेपणा आहे. लावलीय.

१० नोव्हेंबर
आज काम छान झालं. माप २५.००. सगळ्यांशी नीट बोलले. आईला फोन केला, ती आनंदात होती. अक्काच्या हातचा चहा पूर्ण कप घेतला. लवकर झोपते.

११ नोव्हेंबर, सकाळ
वरच्या ओळी मी लिहिलेल्या नाहीत.

वही रात्रभर कोटाच्या आतल्या खिशात होती. कोट उशाशी होता. खुर्ची दाराला तशीच लावलेली.

११ नोव्हेंबर, दुपार
आता चार आकडे आहेत. चार, आठ, तीन, सात. पुन्हा चार, आठ, तीन, सात. गेजमध्ये साठवलेलं पाहिलं: बदल काल रात्री अकरा एकोणचाळीसला झाला.

हे मी शिकलेय. परीक्षेत यावर प्रश्न होता. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आणि प्रत्येक दुपटीपर्यंतचा काळ आधीच्यापेक्षा आखूड होत जातो, दर वेळी चार पॉइंट सहा सहा नऊ पट. पट्टी काढल्यापासून पहिल्या बदलापर्यंत सव्वीस दिवस. तिथून दुसऱ्यापर्यंत पाच दिवस, तेरा तास, एकोणचाळीस मिनिटं. भागून पाहिलं. पुन्हा भागलं. चार पॉइंट सहा सहा नऊ.

म्हणजे पुढची वेळ काढता येते. उद्या पहाटे सव्वाचार, आठ. दहा चोवीस, सोळा. अकरा त्रेचाळीस, बत्तीस. बारा वाजता चौसष्ट. मग मिनिटं, मग सेकंद, आणि उद्या दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी सगळ्या दुपटी एकदम. त्यापुढे सूत्र काही सांगत नाही. त्यापुढे नुसता गोंधळ असतो.

आकड्यांचं चाललं असतं. पण केबिनला परत येताना काचेतून पाहिलं. गेजसमोर निळ्या कोटात कोणीतरी वाकलं होतं. वेणी माझी. पडद्याच्या शेवटच्या अंकावर तिनं डाव्या हाताचा अंगठा ठेवला होता आणि उजव्यानं लिहीत होती. मी दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर कोट. माझा माझ्या अंगात होता. त्या कोटाची कॉलर उलटून पाहिली. बाबांचं अक्षर. २३. दांड्या नाहीत.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
अक्काला धरून बसवलं. आता तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितेय.

माझ्या जागेवर आधी ती होती. तीही पदवीधर. वीस वर्षं झाली म्हणाली, म्हणजे अठरा असतील नाहीतर तेवीस. तेव्हा गेजला काटा होता; दोन रेघांच्या मधलं दिसावं म्हणून तिनं पदरचं भिंग आणलं. मग हेच सगळं. शेवटच्या क्षणी गेजजवळ जी लिहीत होती ती उरली, बाकीच्या तिच्यात मिसळल्या.

कोण उरली, मी विचारलं.

“अंगात कोट होता. हातात घराची किल्ली होती. म्हटलं, मीच असेन.”

आणि आईनं ओळखलं नाही?

“आई म्हणाली, आता कशी शहाण्यासारखी वागतेस.”

त्यानंतर तिला हिशेबाचं काम जमेना. अपूर्णांक दिसला की डोकं दुखायचं. म्हणून मशीनवर गेली. नव्या गेजवर पट्टी तिनंच लावलीय, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी बदलते. फोरमनला सगळं माहीत आहे. मला आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू मोजून पाहिलं नसतंस?

पट्टी आता लावली तर? तिनं मान हलवली. एकाचे दोन होण्याआधी उपयोग होतो, म्हणाली.

मग माझा हात धरला. वाईट काही नसतं, गं. दुखत नाही. झोप चांगली लागते. शेवटचा आकडा दोन अंकी लिही आणि सुटून जा.

तिचा हात उबदार होता. मी माझा सोडवून घेतला.

१२ नोव्हेंबर, सकाळी सात
आठ आकडे. वेळेवर झाले.

पहाटे घरी फोन केला. बाबांनी उचलला आणि हळू आवाजात विचारलं, कोण? मी म्हटलं मी. ते म्हणाले, ती तर आत झोपलीय, काल रात्रीच्या गाडीनं आली. मग म्हणाले की आल्या आल्या नवा कोट शिवायला तिचं माप घेतलं, बाही भरली तेवीस. माझी टेप चुकत नाही, म्हणाले. एका महिन्यात पोरीचा हात अर्धा इंच वाढत नाही.

“तुझं माप सांग.”

साडेबावीस, बाबा.

मग म्हणाले, ये लौकर. आईला कळलेलं नाही. तिला ती आवडलीय.

घर सात तासांवर आहे. निघाले तर बारा वाजता मी रस्त्यात असेन आणि गेजजवळ दुसरी कुणीतरी असेल. म्हणून जात नाही. बारा वाजून चार मिनिटांनी गेजसमोर मी असणार आणि तीनही अंक मीच लिहिणार. पुरा आकडा लिहिणारी उरली तर बाकीच्यांना तिच्यात यावं लागेल. असं कुठल्या पुस्तकात नाही. पण याच्या उलटही कुठल्या पुस्तकात नाही.

१०.२४
सोळा. मोजायची गरज नव्हती. केबिनबाहेरच्या जिन्यावर चढणारी पावलं ऐकू आली, एकाच चपलेची, मागेपुढे, खूप.

फोरमनला म्हटलं मशीन थांबवा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की आज सकाळपासून मी त्याला तीनदा सांगून गेले, सगळं ठीक आहे म्हणून.

११.४३
लाल बटण मीच दाबलं. दगड थांबला. पाणी थांबलं. सगळी शेड गप्प. गेजखाली एकही कडं नाही.

पडद्यावर आकडे चालू आहेत.

ते कड्यांचे कधी नव्हतेच —

बारा
काचेला चारी बाजूंनी निळं. आत कुणी येत नाही, नुसत्या उभ्या. सगळ्यांचे चेहरे छान. शांत. त्यांच्याकडे बघितलं की झोप येते — बघायचं नाही.

बघायचं नाही. कॉलर पाहिली. २२॥. दोन्ही दांड्या आहेत.

१२.०३
अक्का आत आली. रडतेय. तिच्या बोटाला काळ्या पट्टीचा तुकडा — म्हणते, पोरी, मला तरी कुणी लावली नव्हती, मी तुला एकटीनं सोसू —

नको म्हटलं. बाबा वाट — टेप त्यांच्या —

मागे एकजण माझ्याच आवाजात आईशी फोनवर बोलतेय. हो म्हणतेय. सगळ्याला हो —

कॉलर. २२।

१२.०४
एक कडं गेजखाली ठेवलंय. माझ्या हातानं. तीनही अंक दिसताहेत, स्वच्छ, शेवटचा पण. लिहितेय. अक्काचा हात पडद्याक —

२५.००